कंसातले आवाज

ठकीची नखं कापायची तर ती झोपेत असतानाच, हा घरातला नियम होता. जागेपणी ते चौदा महिन्यांचं पोर हात असं काही हिसडायचं की कापणाऱ्याने जीव मुठीत धरावा. त्या सकाळी ती आईच्या मांडीवर झोपली होती, डाव्या हाताची चार बोटं झाली होती, अंगठा तेवढा राहिला होता, आणि गुडघ्याला टेकवून ठेवलेला फोन उजळला. आईने बघायला नको होतं. पण बघणं हे तिचं कामच. विद्यापीठातल्या आपल्या विभागात बसून गेली चार वर्षं ती अशा माणसांकडे बघत आली होती, जी एकमेकांचं तोंडही न पाहता, फुकट, सगळ्या जगासाठी प्रोग्रॅम लिहितात आणि लिहिलेली ओळन् ओळ उघड्यावर ठेवतात. कोणीही यावं, वाचावं, सुधारावं. ही माणसं एकमेकांवर विश्वास कसा ठेवतात, हा तिचा विषय. फोटोंच्या पोटात लपलेली जागा आणि वेळ पुसून टाकणारा एक छोटासा प्रोग्रॅम होता. टोपणनावांनी वावरणारे चार-पाच जण तो सांभाळत. त्यांच्या खुल्या पानावर, ज्याला सगळे आजोबा म्हणत त्या गृहस्थाने चार ओळी लिहिल्या होत्या. मुंगूस आता काही महिने काम करू शकणार नाही. तिच्या नवऱ्याने तिला शोधून काढलं. चार दिवसांपूर्वी दार फोडून आत शिरला आणि त्यांची सात वर्षांची मुलगी कुठे आहे ते विचारत राहिला. ती सांगेना, तेव्हा दर नकाराला एक बोट, हातोडीने. सात बोटं झाल्यावर शेजारी धावले आणि तो निसटला. अजून सापडलेला नाही. खोलीत एका लेखाची छापील पानं पडली होती, त्यातली एक ओळ पिवळ्या शाईने रंगवलेली. ओळ खाली देतो, कोणाला काही उलगडलं तर सांगा. आणि खाली: ‘विश्वास म्हणजे कडी न लावता डोकं धुता येणं.’

तिच्या हातातलं नेलकटर मिटलं. ठकीने आधी डोळे उघडले, मग तोंड उघडलं, आणि आवाज फुटायला एक क्षण लागला. त्या क्षणात अंगठ्याच्या टोकाशी एक लाल मणी फुगला, फुटला आणि पांढऱ्या झबल्यावर उतरला. ती ओळ तिच्या लेखाचं शीर्षक होती. मागच्या वर्षी परिषदेत तिने ती पडद्यावर दाखवली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या पिकल्या केसांच्या बाईंनी वहीत उतरवून घेतली होती. मुलाखतीत ती ओळ बोलली होती सहभागी क्रमांक अकरा, फोनवर, चेहरा न दाखवता, कोरड्या हसऱ्या आवाजात. बोलून झाल्यावर म्हणाली होती की, माझ्याकडे असलं तत्त्वज्ञान मापाने मिळत नाही, हवं तेवढं घ्या. त्या हसण्याने तिला इतकं बरं वाटलं होतं की कडी न लावता डोकं धुवायला भीती कोणाची, हे विचारायचंच राहून गेलं. राहून कसलं जातं, विचारलं नाही. प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता.

नवऱ्याने ठकीला उचललं, अंगठा स्वतःच्या तोंडात धरला आणि एवढं काय झालं, नखच आहे, परत येईल, म्हणाला. तिने हो म्हटलं. पाळणाघराच्या पायऱ्या चढताना तिला ठकीची दहा बोटं दिसत होती. दिसत म्हणजे दिसतच होती, फरशीवर ओळीने मांडल्यासारखी, आणि वरून हातोडी येत होती. ती धरणारा हात काही केल्या परक्याचा होईना. कोपरापर्यंत तिचाच होता. बाळंतपणानंतर असली चित्रं तिला नवी नव्हती. भाजी चिरताना सुरी, जिन्यावर कठडा, आंघोळीच्या टबात दोन वीत पाणी, कशातही तिला पोराचं मरण दिसायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, होतं असं, मन काळजीची तालीम करतं. पण ही तालीम नव्हती. हा खेळ कुठेतरी खरा होऊन गेला होता, आणि नाटक तिने लिहिलं होतं. पाळणाघरातल्या मावशींनी ठकीला घेतलं, झबल्यावरचा डाग पाहिला आणि काही विचारलं नाही. त्यांनी न विचारल्याचा तिला राग आला. विचारायला हवं होतं. उद्या कोणी पोराचं काही केलं तरी ह्या अशाच गप्प राहतील, असं वाटून तिने मावशींच्या मनगटाकडे इतकं रोखून पाहिलं की त्यांनी पदर सारखा केला.

विभागात सर आले होते. त्यांच्या हाताखालीच तिने सगळं काम केलं होतं. तिने फोन पुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, दोनदा वाचलं आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. वाईट माणूस नव्हते ते. तिच्या बाळंतपणात त्यांनी स्वतः तिचे तास घेतले होते. मग त्यांनी हळूहळू, एकेक वीट रचावी तसं बोलायला सुरुवात केली. लेखात त्या बाईचं नाव आहे का? नाही. गाव? नाही. वय, शिक्षण, बाई की बुवा? सगळं बदललेलं. नावं आणि क्रमांक जोडणारी यादी? नियमाप्रमाणे काम संपताच नष्ट. मग आपलं चुकलं कुठे? तिने सांगितलं, शब्द. शब्द बदलले नाहीत. सर म्हणाले की, शब्द बदलायचे नसतातच, तेवढं एकच तर आपण लोकांचं राखतो. हे वाक्य ती त्यांच्याकडूनच शिकली होती. पहिल्या वर्षी एका मुलाखतीतला ‘बोंबलत गेलं’ तिने ‘बिघडलं’ करून आणला, तेव्हा त्यांनी लाल रेघ मारली होती: माणसाच्या तोंडचं माणसाला परत द्यावं. आणि वाटेत तिने शोधून पाहिलं होतं, क्रमांक अकराने तेच वाक्य दोन वर्षांपूर्वी, कोणाशीतरी भांडताना, मुंगूस या टोपणनावाने उघड्या पानावर लिहून ठेवलं होतं. ओळ उचलायची, शोधायची, की मुंगूस हाती. बाकी सगळी गंमत मुंगूसच्या चार वर्षांच्या बडबडीत.

“सर, मुलगी आहे,” ती म्हणाली. “सात वर्षांची. तो तिला शोधतोय.”

“पोलिसांना सांग. आपण सहभागींशी परस्पर संपर्क करायचा नाही, नियम आहे. नीतिमत्ता समिती शुक्रवारी बसते.”

“शुक्रवारपर्यंत तीन दिवस आहेत.”

“तू आत्ता आई म्हणून विचार करतेयस,” सर म्हणाले. पुढे काही बोलणार होते ते बोलले नाहीत, कारण तिच्या हातात त्यांचा काचेचा पेपरवेट होता आणि तो तिने कधी उचलला हे तिला ठाऊक नव्हतं. वजनदार होता, मुठीत बसणारा. तिने तो कागदांवर ठेवला, अगदी मधोमध. तिचा थोरला भाऊ एकदा तिची वही मित्रांना मोठ्याने वाचून दाखवत होता, सगळे हसत होते, तेव्हाही हातात असंच काहीतरी आलं होतं, शाईची जाड काचेची दौत. भुवईवर सहा टाके पडले. सगळं घर त्याच्याभोवती गोळा झालं. आईने तिला कानफटात मारली आणि म्हणाली, त्याने वाचलं ते कुठे दिसतंय का बघ, तू फोडलंस ते मात्र जन्मभर दिसेल. खरंच दिसतं. भावंडांच्या प्रत्येक फोटोत तो भुवईचा तुकडा गाळल्यासारखा दिसतो. वही कुठे गेली कोणालाच माहीत नाही.

आपल्या टेबलाशी आल्यावर तिला दुसरंच आठवलं. लेखातली ओळ ही तर वरवरची गोष्ट. लेखाच्या शेवटी, बारीक अक्षरांत, इंटरनेटवरचा एक पत्ता होता, आणि त्या पत्त्यावर सव्वीस मुलाखती अख्ख्या ठेवलेल्या होत्या, ज्याला पडताळून पाहायचंय त्याच्यासाठी. उघडेपणाचा अभ्यास करायचा आणि आपलं सामान कुलपात ठेवायचं, हे तिला दांभिक वाटलं होतं. सर नको म्हणत होते तरी तिने हट्टाने ठेवल्या. आणि ठेवल्या त्या कशा, तर रीतीप्रमाणे. मुलाखत उतरवताना बोलणाराचं थांबणं, हसणं, खोकणं, मागचा आवाज, सगळं चौकटी कंसात नोंदवायचं असतं. या बाबतीत तिचा हात विभागात कोणी धरला नसता. तिने क्रमांक अकरा उघडला. [भोंगा, समोरून, मुलाखत थांबली. सहभागी: बारा वाजले, बंबवाल्यांची रोजची चाचणी.] [शाळेची घंटा, अगदी जवळून.] [मूल आत येतं. मूल: आई, आज पोहायचंय, टोपी दे. सहभागी: शाळेच्या तलावाला टोपी लागते, नाही का, विसरलेच.] सात बोटं मोडून घेऊन त्या बाईने जे सांगितलं नव्हतं, ते इथे होतं. स्वल्पविरामासकट. शाबासकीच्या अपेक्षेने.

तिने मुलाखती तिथून काढून टाकल्या. काढल्याने काय होतं, बोललेला शब्द आणि सोडलेला बाण. खाली आकडा होता, एक्केचाळीस जणांनी उतरवून घेतल्या होत्या. एक्केचाळीसातले चाळीस अभ्यासक असतील. मग अभ्यासासाठी केलेली ईमेलची पेटी उघडली, काम संपल्यापासून जिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. तिथून अकराला काही कळवता येईल असं वाटलं होतं. पेटीत एकच न वाचलेलं पत्र होतं, एकोणीस दिवसांपूर्वीचं. ‘तुमचा लेख वाचला. चांगला आहे, आमच्यासारख्यांबद्दल इतकं मन लावून कोणी लिहीत नाही. पण त्यात माझं वाक्य जसंच्या तसं आहे आणि मुलाखतीत आवाज आहेत. दोन्ही काढा. लवकर काढा. मी घर बदललंय, मुलीला दुसरीकडे ठेवलंय, पण तिची शाळा तीच आहे. एक माणूस आहे, त्याला शोधता येतं. उत्तराची वाट पाहते. क्रमांक अकरा.’ रागाचा शब्द नव्हता. तिने उत्तर लिहिलं, मुलीला त्या शाळेतून आजच्या आज हलवा, आणि पाठवल्यावर तिला कळलं की वाचणारीचे हात प्लॅस्टरमध्ये आहेत. ती उठून प्रसाधनगृहात गेली, दाराला कडी लावली आणि स्वतःच्या दंडाचा इतक्या जोराने चावा घेतला की दातांचं अर्धवर्तुळ जांभळं झालं. दुखलं. पण पुरेसं नाही.

पोलिसांचा फोन लागला. तिने नीट, मुद्देसूद सांगितलं, वर्गात सांगावं तसं. पलीकडच्याने विचारलं, मुलीचं नाव? माहीत नाही. शाळा? अजून माहीत नाही. आईचं नाव तरी? तिने घुटमळत सांगितलं, मुंगूस. मग तो म्हणाला, “आणि बाप कोण, साप?” मागे कोणीतरी हसलं. नंतर तो सरळ बोलला, बाई, नाव-गाव काहीतरी घेऊन या, हवेत गाडी कुठे पाठवू. तिला त्याचाही राग येईना. नाव-गाव नसावं यासाठी चार वर्षं तिनेच तर जिवाचं रान केलं होतं.

आता एकच वाट उरली होती, त्या माणसाची. त्याच्याच खुर्चीत बसल्यासारखी ती बसली. ओळ टाकली, मुंगूस आली. मुंगूसच्या बडबडीत उतरली. एका मे महिन्यात मुंगूसने लिहिलं होतं, आज काम राहिलं, नदीवरचा नवा पूल खुला होतोय म्हणून सकाळपासून वीज नाही. पूल कुठे, कोणत्या तारखेला, बातमी निघाली. शहर निघालं, बसने दीड तासावरचं. ते इतकं जवळ असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. नकाशावर बंबखाना शोधला, तीन निघाले. त्यातल्या एकाच्या समोर शाळा होती, आणि वरून काढलेल्या चित्रात शाळेच्या अंगणात निळा चौकोन. पाणी. तिने घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं. या अकरा मिनिटांत, देवाशपथ, तिला मजा आली होती. एक धागा सापडला की दुसरा, बोटं शिवशिवत होती. निळा चौकोन दिसला तेव्हा छातीत जे उसळलं ते भय नव्हतं, ते ‘सापडली’ होतं. त्यालाही असंच झालं असणार. तिने पुन्हा पोलिसांना फोन लावला, शाळेचा पत्ता दिला, पलीकडे आता दुसरा कोणी होता, तो बघतो म्हणाला. शाळेचा फोन नुसता वाजत राहिला. मग ती पर्स घेऊन निघाली.

बसमध्ये बसल्यावर तिने नवऱ्याला कळवलं की ठकीला आज तू आण. कुठे आहेस, असं त्याने विचारलं, आणि तिला एकदम ते सांगता येईना. जागेचं नाव तोंडातून काढणं म्हणजे पुन्हा एकदा छापणं. कामाने बाहेर आलेय, म्हणाली. तो हसून म्हणाला की, तुमच्या कामाला बाहेर कुठून आलं, तुमचं सगळं खुर्चीतच. शेजारी एक माणूस गुडघ्यांवर हात ठेवून डुलक्या घेत होता. रुंद नखं, सांध्यांवर जुने वण. तोही असू शकेल. तिने त्या हातांकडे पाहत वाटभर मनाशी मारामारी केली. आधी पेनाने डोळा, मग खिडकीच्या कडेवर डोकं, एकदा, दोनदा, तोंडाचा आकार जाईपर्यंत. इतकं तपशीलवार की उतरायची वेळ आली तेव्हा तिचा तळहात घामाने भिजला होता आणि तो माणूस बापडा तिला वाट देण्यासाठी पाय आखडून घेत होता.

शाळेची भिंत उंच होती, लोखंडी फाटक बंद. समोर बंबखान्याची लाल दारं. सगळं कंसात होतं तसंच. फक्त तिथे वास होता, तलावाच्या औषधाचा, जो कोणी नोंदवला नव्हता. फाटकाशी पहारेकरीण बसली होती, जाड बांध्याची, पन्नाशीची, आणि तिचा डावा डोळा सुजून पूर्ण बंद झाला होता, पिकल्या जांभळासारखा. सुटायला किती वेळ आहे, असं तिने विचारलं. कोणाला न्यायचंय, पहारेकरणीने विचारलं. नाव तिच्यापाशी नव्हतं. तेव्हा विश्वास बसावा म्हणून, जे होतं ते सगळं तिने पुढे केलं, भराभर. सात वर्षांची मुलगी, इथे पोहायला शिकते, आई कॉम्प्युटरचं काम करते, एकटी राहते, चार दिवसांपूर्वी आईला मारलंय, बाप शोधतोय. एकेक गोष्ट सांगेल तसा पहारेकरणीचा उघडा डोळा बारीक होत गेला. “आणि काय काय माहीत आहे?” तिने मऊ आवाजात विचारलं, आणि फाटकातलं छोटं दार उघडलं. ती धन्य होऊन आत वाकली.

हात कसा पिरगाळला गेला ते तिला कळलंच नाही. चेहरा गजावर आपटला, ओठ दातात सापडला, तोंडात गरम, खारट झालं. खांद्यातून काहीतरी सुटल्यासारखा कट आवाज आला. मागून पहारेकरणीचा श्वास तिच्या मानेवर येत होता.

“कोणी पाठवलं?”

“कोणी नाही. मी सावध करायला आले.”

“कालचाही हेच म्हणाला. मी काका आहे, सावध करायला आलोय. त्यालाही टोपीपासून सगळं पाठ होतं.” हात आणखी एक वीत वर गेला. “पोरीच्या आईने तीन आठवड्यांमागे माझ्यापाशी बसून सांगून ठेवलंय, मावशी, जो काहीच जाणत नाही त्याला बसव, पाणी दे. जो सगळं जाणतो त्याला सोडू नकोस. काल माझ्याच्याने नाही झालं, हा डोळा देऊन बसले.”

काल. म्हणजे तो वाचून इथवर आला होता, आणि पोर याच फाटकाने राखली होती. ती खाली घसरू लागली. पहारेकरणीला वाटलं ही निसटू पाहतेय, म्हणून तिने पाठीत गुडघा घातला, आणि ती गजाला चिकटून, रक्त गिळत म्हणाली, “सोडू नका मला. त्याला जे माहीत आहे ते मी लिहिलंय.”

मागची पकड ढिली झाली नाही. पण श्वास थांबला. लिहिलंय म्हणजे, पहारेकरणीने विचारलं. तिने सांगितलं. फार थोडं, लेख, ओळ, आवाज. ऐकणारीला किती कळलं कोण जाणे. ती इतकंच म्हणाली की, तुला लिहायला दुसरं काही मिळालं नाही का गं. मग तिने पर्स काढून घेतली, फोन काढून घेतला, पोलिसांना बोलावलं आणि फाटकाआतल्या बाकावर तिला ढकलून नोंदवही पुढ्यात घेतली. नाव विचारलं. तिने नाव सांगितलं. पत्ता सांगितला. विचारलं नव्हतं तरी नवऱ्याचा नंबर सांगितला, विभागाचा मजला, ठकीचं पाळणाघर, ते कोणत्या गल्लीत, मावशी किती वाजता दार उघडं ठेवतात, ठकी कोणाच्याही कडेवर जाते हेही. पहारेकरीण लिहिता लिहिता थांबली. “पुरे,” ती म्हणाली. “पोराचं असं सांगतात का परक्याला.” आणि शेवटच्या दोन ओळींवर तिने पेन इतकं दाबून फिरवलं की कागद फाटला.

पोलीस यायचे होते. तेवढ्यात आत घंटा झाली, आणि अंगणापलीकडे पावलांचा, दप्तरांचा, किंचाळ्यांचा लोंढा सुटला. पहारेकरीण उभी राहिली. एका हाताने तिच्या दुखऱ्या खांद्याला धरून तिने तिला बाकावरच उलटं फिरवलं.

“तोंड भिंतीकडे. मान वळवलीस तर दुसरा हातही काढून ठेवीन.”

तिने तोंड भिंतीकडे केलं. चुन्याचा पोपडा, एक मुंगी. मागून मुली जाऊ लागल्या, एक धावत, दोघी भांडत, एक कसलीशी पाढ्यासारखी ओळ घोकत. कोणीतरी थांबून विचारलं, मावशी, ह्या कोण, ह्यांच्या तोंडातून रक्त येतंय. आवाज सातेक वर्षांच्या मुलीचा होता. घोगरा, थोडा हसरा. पहारेकरीण म्हणाली, कोणी नाही, पडल्यात, तू चल. तो आवाज ओळखू यायच्या आत तिने डोळे गच्च मिटले. मग चांगला हात एका कानावर दाबला. दुसरा वर जाईना, खांद्यात कळ पेटली, तरी तिने तो दात खाऊन, इंच इंच उचलला, आणि तो कानही बंद केला.